घोड्यावरून गुरं वळणं आणि रँचवरचं रोजचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा फलटण तालुक्यातला. बायको इथल्या छोट्या रुग्णालयात डॉक्टर आहे. मी घरी बसून हिशोबाची कामं करतो आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस शेजाऱ्यांच्या रँचवर राबतो. ‘इथल्या’ म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्समध्ये, आणि ‘शेजारी’ म्हणजे अकरा मैलांवर राहणारे. गावी गेलो की पारावर आणि परत आलो की व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी रँचर नाही, गडी आहे, तोही अर्धवेळ. उत्तरं त्या बेताने घ्यावीत.

रँच म्हणजे नक्की काय? शेत, की मोठा गोठा?

दोन्ही नाही. गोठा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छप्पर, गव्हाण आणि दावं येतं. इथल्या गायीला दावं ठाऊक नाही आणि बऱ्याचजणींच्या डोक्यावर कधी छप्पर आलेलं नसतं. रँच म्हणजे कुंपण घातलेलं गवत. बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

सँडहिल्स ही सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरची वाळूच्या टेकड्यांची पट्टी आहे. वाळूवर गवताचं पातळ कातडं आहे, एवढंच. ते कुठे फाटलं की वारा वाळू उपसायला लागतो आणि टेकडीला खड्डा पडतो. त्याला ब्लोआउट म्हणतात. अशा खड्ड्यांत जुने टायर टाकलेले दिसतील. तो उकिरडा नव्हे, वाळू धरून ठेवायची युक्ती आहे.

इथे नांगर चालत नाही हे सरकारला उशिरा कळलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर मिळत होते. एवढ्यात इथे कुणाचं पोट भरेना, म्हणून १९०४ च्या किंकेड कायद्याने ते ६४० केले. तेही पुरले नाहीत, कारण एका गाय-वासराच्या जोडीला वर्षभरासाठी साधारण पंधरा-वीस एकर लागतात. भागाकार करून बघा. बरेचजण विकून निघून गेले आणि उरलेल्यांचे रँच मोठे होत गेले. त्यामुळे ‘अमक्याकडे दहा हजार एकर आहेत’ ऐकून आमचे काका डोळे विस्फारतात, तेव्हा मला सांगावं लागतं की काका, हे उसाचे एकर नव्हेत.

गायींचं दूध किती निघतं?

काढतच नाहीत. सगळं वासरू पितं. इथला माल म्हणजे वासरू. दूध वेगळ्या जातींचं आणि वेगळ्या लोकांचं काम. आमच्याकडच्या गायी बहुतेक काळ्या अँगस. ही जात स्कॉटलंडची, १८७३ मध्ये तिचे चार वळू कॅन्ससमध्ये आले, तिथून सुरुवात. नुकत्याच व्यालेल्या अँगसच्या कासेला हात लावायला गेलात, तर पुढचा मुक्काम आमच्या बायकोच्या दवाखान्यात.

आता २१व्या शतकात घोडे कशाला? मोटारसायकल आहे, ड्रोन आहे.

चार चाकांच्या मोटारसायकली आहेत की. कुंपण बघायला, मीठ टाकायला, पाण्याच्या टाक्या तपासायला त्याच वापरतात. कित्येक रँचवर तर घोडा उरलेलाच नाही. जिथे आहे तिथे तो हौसेपोटी ठेवलेला नाही.

एकतर टेकड्या. वाळूच्या उभ्या चढावर यंत्राची चाकं गवत सोलतात, आणि मग वर सांगितलेला खड्डा. दुसरं म्हणजे यंत्राला एका माणसाचंच डोकं, घोड्यावर दोन डोकी असतात. चांगल्या घोड्याला गाय कुठे वळणार हे माझ्या आधी कळतं. त्याचा कान त्या बाजूला गेला की मी मांड घट्ट करतो, नाहीतर घोडा वळतो आणि मी सरळ जातो. हे दोनदा झालंय. तिसरं, दोर टाकल्यावर दुसऱ्या टोकाला पाचशे किलोंचं शहाणं जनावर लागतं, जे ताण धरून उभं राहील आणि तुम्ही खाली उतरलात तरी दोर सैल पडू देणार नाही.

घोड्यावरून गुरं वळतात म्हणजे नेमकं काय करतात? सिनेमात तर नुसती धावाधाव दिसते.

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण सगळी मेख इथे आहे. गुरं धावायला लागली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. धावणारं वासरू वजन घटवतं, वजन म्हणजे पैसा. आणि धावणाऱ्या कळपातून आई आणि वासरू एकमेकांना हरवतात.

गायीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागची फट दिसत नाही. त्यामुळे बरोब्बर शेपटीमागे उभे राहिलात तर ती पुढे जाणार नाही, मान वळवून ‘कोण आहे’ बघेल. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं, बुजण्याचं अंतर म्हणा. रिंगणाच्या बाहेर असाल तर ती चरत राहते, कडेवर पाऊल टाकलंत तर चालू लागते, फार आत शिरलात तर उधळते. शिवाय तिच्या खांद्यापाशी एक तोलाची जागा असते. तुम्ही खांद्याच्या मागे असाल तर ती पुढे सरकते, पुढे आलात तर थांबते किंवा वळते. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते: रांगेतल्या गायी पुढे काढायच्या असतील तर त्यांच्या कडेने, डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजे उलट्या दिशेने घोडा चालवत जायचं. खांदा ओलांडला की एकेक गाय पुढे निघते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जादूच वाटली.

हे ज्ञान जुनेच गुराखी वापरत होते, पण बड विल्यम्स यांनी गावोगावी शिकवून आणि टेंपल ग्रँडिन यांनी आकृत्या काढून ते सगळ्यांपर्यंत नेलं. आरडाओरडा नाही, शिट्ट्या नाहीत, विजेचा दांडा नाही. दाब द्यायचा, ती निघाली की दाब काढून घ्यायचा. दाब काढणं हेच तिचं बक्षीस. आमच्याकडे नवशिक्यांना एकच वाक्य ऐकवतात: लवकर पोचायचं असेल तर सावकाश जा. पहिल्या वर्षी मला ते सुविचार वाटायचं. मग एका सकाळी मी घाईघाईने एक गाय दारातून आत रेटली. तिचं वासरू बाहेर गवतात झोपलेलं होतं. गाय कुंपणावरून उडी मारून परत गेली, मागोमाग आणखी सहा. वासराने शेवटचं दूध जिथे प्यायलं तिथेच आई परत जाते आणि वासरूही तिथेच येऊन थांबतं. त्यामुळे कळप नव्या कुरणात पोचला तरी काम संपत नाही. तासभर घोड्यावर नुसतं बसून राहायचं, प्रत्येक वासराला आपली आई सापडेपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, गडी टिवल्याबावल्या करतोय.

सकाळी निघतानाही रीत असते. काम कसं करायचं ते रँचचा मुख्य ठरवतो, त्याच्या घोड्यापुढे आपला घोडा काढायचा नाही. मोठ्या कुरणात तो एकेकाला एकेका टेकडीपाशी सोडत जातो, मग सगळे मिळून जाळं आवळल्यासारखे गुरं मध्याकडे आणतात. दुसऱ्याच्या आणि त्याच्या गायीच्या मधून घोडा घालणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटावरून ओलांडून जाण्यासारखं. कुणी दार लावायला उतरलं असेल तर तो परत खोगिरावर बसेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, कारण सोबती निघाले की त्याचा घोडा त्याला चढू देत नाही.

घोडा कुठल्या जातीचा? किती लागतात?

बहुतेक क्वार्टर हॉर्स. पाव मैलाच्या शर्यतीवरून हे नाव पडलं. त्यांची नोंदणी करणारी संघटना १९४० मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला स्थापन झाली. अरबी घोड्यासारखा डौल नाही, मागचा भाग मात्र पैलवानाच्या मांडीसारखा, त्यावर बसून तो झटक्यात फिरतो. कामाला बहुतेक खच्ची केलेले घोडे, स्वभाव शांत म्हणून. एकाच घोड्यावर रोज काम करत नाहीत. मोठ्या रँचवर एकेका गड्याकडे पाच-सहा घोड्यांचा ताफा असतो आणि पाळीपाळीने वापरतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल. नालबंद येतो तेव्हा कॉफी तयार ठेवायची, नाहीतर पुढच्या वेळी तो तुमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो.

दोराचं काय? फेकला की अडकतो?

माझा नाही अडकत. मी अजून लाकडी खोंडावर सराव करतो, आणि शेजाऱ्यांची नऊ वर्षांची नात मला हसते.

खोगिराच्या पुढे जे शिंग असतं ते धरून बसायला नाही, दोरासाठी असतं. त्यात दोन पंथ. टेक्सासकडे दोराचं टोक शिंगाला पक्कं बांधतात. नेवाडाकडचे लोक लांब दोर वापरतात आणि जनावर अडकल्यावर दोराचे वेढे शिंगाला देतात. त्याला डॅली म्हणतात, मूळ स्पॅनिश ‘दार ला व्हुएल्ता’, वेढा देणे. वेढे देणाऱ्याला दोर हळूहळू सोडता येतो, जनावराला हिसका बसत नाही. पण दोर आणि शिंगाच्या मध्ये अंगठा सापडला तर अंगठा गेला. हात पुढे करून राम राम करताना चारच बोटं हाती आली, तर कारण विचारायची गरज नाही. वेढा देताना अंगठा वर ठेवायचा, हा माझा पहिला धडा होता.

काऊबॉय हा अमेरिकनच ना?

शब्द इंग्रजी, धंदा स्पॅनिश-मेक्सिकन. आपल्याकडे पोर्तुगिजांमुळे पाव, बटाटा, चावी आली, तसं इथे रँच, रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवर बसण्याच्या आणि दोर टाकण्याच्या स्पर्धा), लॅरिएट (फासाचा दोर) हे सगळं स्पॅनिशमधून आलं. ‘व्हाका’ म्हणजे गाय, ‘व्हाकेरो’ म्हणजे गुराखी, आणि त्याचाच अपभ्रंश ‘बकारू’. १८६७ पासून टेक्सासची गुरं कॅन्ससमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत चालवत नेत, तेव्हा त्या गुराख्यांत मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. पडद्यावर ते फारसे दिसत नाहीत. हा सगळा जमाना टिकला जेमतेम वीस वर्षं. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं, १८८६-८७ च्या हिवाळ्याने उघड्या माळावरचे कळपच्या कळप मारले, आणि नंतर उरलं ते कुंपण आणि गंजी.

डाग देणं क्रूर नाही का?

दुखतं. दुखत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मे महिन्यातल्या एका शनिवारी हे होतं. आसपासचे पंधरा-वीस लोक घोडे घेऊन पहाटे येतात. पुढच्या शनिवारी आपण त्यांच्याकडे जायचं, पैशांचा व्यवहार नाही. आपल्याकडे सावड करतात तसंच अगदी. वासरं आयांपासून वेगळी काढून कोंडवाड्यात. घोडेस्वार सावकाश आत जातो, वासराच्या मागच्या दोन्ही पायांत फास टाकतो, वेढा देतो आणि ओढत बाहेर आणतो. दोघंजण त्याला आडवं धरतात, एक पुढचा पाय दुमडून मानेपाशी बसतो, दुसरा मागे बसून एक पाय टाचेने रेटतो आणि दुसरा हाताने ओढून धरतो. मग एकजण लस टोचतो, एकजण गोऱ्हा असेल तर खच्ची करतो, एकजण डाग देतो. गॅसच्या भट्टीत लोखंड तापलेलं असतं, लालभडक नव्हे, राखेच्या रंगाचं. केस जळल्याचा पिवळा धूर निघतो आणि तो वास कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. कातडीला दाबायला काही सेकंद लागतात. सगळं मिळून एक-दोन मिनिटं. सोडल्यावर वासरू उठतं, अंग झाडतं आणि आईला शोधत जातं. दुपारी बघाल तर पितंय.

का करतात, तर कानातला बिल्ला तुटतो किंवा कुणी तोडतो, डाग कुणी पुसू शकत नाही. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या दोन-तृतीयांश भागात गुरं विकताना सरकारी निरीक्षक डाग तपासतो. गुरांची चोरी अजून होते. द्रव नायट्रोजनमध्ये लोखंड गार करून डाग देण्याची पद्धत १९६०च्या दशकात निघाली, त्यात तिथले केस पांढरे उगवतात. वेदना कमी, पण वेळ जास्त, आणि पांढऱ्या जनावरावर दिसत नाही. माझं मत विचाराल तर खच्ची करताना वेदनाशामक द्यावं. काहीजण आता देतात. आमचे शेजारी अजून देत नाहीत, आमचा वाद चालू आहे.

डाग वाचायला मात्र मजा येते. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. आडवं पडलेलं अक्षर असेल तर ते ‘लेझी’, आळशी. खाली चंद्रकोर असेल तर ‘रॉकिंग’, पंख काढले तर ‘फ्लाइंग’. एका कुटुंबाचा डाग चार-चार पिढ्या चालतो आणि जमिनीसारखा वारसाहक्काने जातो.

वर्षात सगळ्यात कठीण काळ कोणता?

गायी व्यायचा. मार्च-एप्रिल.

गाय सुमारे २८३ दिवस गाभण असते. जूनच्या सुरुवातीला वळू सोडले की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली वासरं. पहिलटकरणींना घराजवळच्या कुरणात आणतात आणि रात्री दर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन फेरी. शेपूट वर धरून एकटी बाजूला उभी असलेली दिसली की समजायचं. तास-दीड तास कळा देऊनही प्रगती नसेल तर आत घेऊन वासराच्या पुढच्या पायांना साखळी बांधून, कळ येईल तसं खाली ओढायचं. कळ नसताना ओढायचं नाही. हात कोपरापर्यंत आत, बाहेर उणे दहा, आणि खांद्यावर गायीची शेपूट फटकारते.

वासरू पडलं की घड्याळ सुरू. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला पाहिजे. आपण ज्याचा खरवस करतो तोच चीक. त्यातली प्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात उतरायची वाट चोवीस तासांत बंद होते. वासरू फारच गारठलं असेल तर गाडीत सीटखालच्या हीटरपाशी ठेवतात, किंवा सरळ स्वयंपाकघरात. मी पहिल्यांदा शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो तेव्हा टेबलाखाली एक काळं वासरू टॉवेलवर झोपलं होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही.

आणि एक गोष्ट, जी मी आईला फोनवर सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. एका गायीचं वासरू मेलं. त्याच रात्री दुसरीला जुळी झाली आणि तिने एक झिडकारलं. शेजाऱ्यांनी मेलेल्या वासराचं कातडं काढलं, पायांसाठी भोकं पाडली आणि त्या झिडकारलेल्या वासराला सदऱ्यासारखं चढवून सुतळीने पोटाखाली बांधलं. मग ते दुधाने तट्ट कास भरलेल्या त्या गायीपुढे सोडलं. ती हुंगत राहिली. डोकं हुंगून ती मागे सरली, शेपटीपाशी हुंगून पुढे आली आणि चाटायला लागली. चार दिवसांनी कातडं काढून टाकलं. तोपर्यंत वासाची अदलाबदल झालेली असते. आपल्याकडे वासरू मेलं तर कातड्यात पेंढा भरून गायीपुढे ठेवायचे, दूध सोडावं म्हणून. आजी सांगायची. इथला पेंढा जिवंत असतो, एवढाच फरक.

मार्चमधलं वादळ या सगळ्यावर पाणी फिरवतं. २०१९ च्या मार्चमध्ये पाऊस, पूर आणि हिमवादळ एकापाठोपाठ आलं आणि राज्यभर वासरं मेली. जुनी माणसं १९४९ च्या हिवाळ्याची आठवण अजून काढतात, जेव्हा अडकलेल्या गुरांसाठी लष्कराच्या विमानांतून चारा टाकावा लागला होता.

हिवाळ्यात रोज काय करता?

वैरण घालतो आणि बर्फ फोडतो. ओल्या सखल कुरणातलं गवत जुलै-ऑगस्टमध्ये कापून त्याच्या पाचशे-सहाशे किलोंच्या गोल गाठी केलेल्या असतात. गायीला दिवसाला बारा-चौदा किलो लागतात. ट्रक हळू चालवत गाठ उलगडत जायचं, मागे काळी रांग लागते. रांगेत जी आली नाही ती आजारी, म्हणून घालता घालता मोजायचं. काही ठिकाणी हे काम अजून दांडग्या घोड्यांची जोडी करते, कारण उणे तीसला घोडा सुरू करावा लागत नाही.

आणि उन्हाळ्यात?

पाणी. सँडहिल्सच्या पोटात ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, पवनचक्की तो उपसून टाकीत टाकते. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला साठ-ऐंशी लिटर पिते. चक्की बंद पडल्याचं दोन दिवस कळलं नाही तर काय होईल ते सांगत नाही. म्हणून एक दिवसाआड फेरी. बाकी वेळ कुंपण. तारा ताणणे, खांब बदलणे, पुन्हा तारा ताणणे. घोड्यावरचं आयुष्य म्हणतात त्यातलं निम्मं आयुष्य हातात पक्कड घेऊन जातं.

तुमच्या शेजाऱ्यांकडे गायी किती?

हे विचारायचं नसतं! माझा पहिला मोठा गाढवपणा हाच. आपल्याकडे सहज विचारतो, ‘किती जनावरं आहेत हो?’ इथे तो प्रश्न म्हणजे ‘बँकेत किती आहेत?’ समोरचा हसून ‘कुंपणाच्या दोन्ही बाजूंना आहेत’ असं काहीतरी म्हणतो आणि विषय हवामानावर नेतो. पाऊस किती झाला, हे विचारा. त्याचं उत्तर मिलिमीटरपर्यंत मिळेल.

पैसे सुटतात का?

कागदावर कोट्यधीश, खिशात चेकबुकाची काळजी. जमिनीची किंमत प्रचंड, उत्पन्न वर्षातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वासरं विकली की. तेव्हा ती सहा-सात महिन्यांची आणि सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोंची असतात. पुढे ती मक्यावर पोसणाऱ्या मोठ्या वाड्यांत जातात. आयांपासून तोडल्यावर तीन रात्री दोन्हीकडून हंबरडा चालतो. त्या तीन रात्री अकरा मैलांवर आम्हाला ऐकू येत नाही, याबद्दल मी आभारी आहे.

१ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत एकूण ८ कोटी ७२ लाख गुरं होती, १९५१ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा. दुष्काळात अनेकांनी गायी विकल्या. त्यामुळे वासरांना भाव चढा आहे, पण ज्याने गायी विकल्या त्याला विकायला वासरं कुठली? पूर्णवेळ गड्याला महिन्याचा पगार, राहायला घर, घोड्याला कुरण आणि वर्षाला अर्ध्या जनावराचं मांस मिळतं. मला मिळतो दिवसाचा रोज आणि सल्ले.

शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं? आणि गायीचं मांस…?

मी गोमांस खात नाही. पहिल्याच डाग देण्याच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत ते सांगावं लागलं. क्षणभर शांतता पसरली, मग शेजारीणबाईंनी विचारलं, ‘अंडी चालतात?’ त्या दिवसापासून माझ्यासाठी घेवड्याच्या दाण्यांची उसळसदृश भाजी वेगळी असते, मांस न घालता. मी बदल्यात शेंगदाण्याची चटणी नेतो. आता ती कॉफीसोबतही खातात, त्याला माझा इलाज नाही.

गावाकडचे काहीजण विचारतात, असल्या धंद्यात हात कसा लागतो तुझा? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे नीटनेटकं उत्तर नाही. ज्या गायीसाठी पहाटे तीनला उठतो तिचं वासरू कुठे जातं हे मला माहीत आहे, आणि गाभण न राहिलेली भाकड गाय दुसऱ्या दिवशी बाजारात जाते हेही. शेजाऱ्यांनाही माहीत असतं. ते त्यावर बोलत नाहीत, आणि मी त्यांना बोलायला लावत नाही.

आपल्या देशी गायी तिथे आहेत का?

इथे थंडीत नाहीत, पण दक्षिणेत आहेत. अमेरिकन ब्रह्मन ही जात गुजरातची कांकरेज, गीर, आंध्रची ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची, सांगली-कोल्हापूरपासून विजापूरकडची कृष्णा खोरे, या सगळ्यांच्या संकरातून झाली. वशिंड, लोंबती पोळी, ऊन आणि गोचीड सोसायची ताकद. त्यांच्या पैदासकारांची संघटना १९२४ पासून टेक्सासमध्ये आहे. टेक्सासच्याच किंग रँचने ब्रह्मन आणि शॉर्टहॉर्नच्या संकरातून सांता गर्ट्रूडिस जात काढली, तिला १९४० मध्ये मान्यता मिळाली. इथे रोडिओत जे बैल माणसांना उडवतात त्यांच्या पाठीकडे बघा, वशिंड दिसेल. मी दर वेळी बैलाच्या बाजूने असतो.

बायका घोड्यावर काम करतात?

करतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं. व्यायच्या हंगामाची वही शेजारीणबाईंच्या खिशात असते. कुठली गाय कधी व्याली, कुणाची वार पडली नाही, कुणी लाथ मारते, सगळं त्यात. वही हरवली तर रँच हरवला.

आम्हाला तिथे येऊन बघायचंय. काय तयारी लागेल?

आधी चपला-बूट. खुरकुताची साथ अमेरिकेत १९२९ नंतर आलेली नाही, आणि आपल्याकडे ती आहे. त्यामुळे विमानतळावर ‘शेतावर किंवा जनावरांत गेला होता का’ विचारलं तर खरं सांगा. गावाकडच्या गोठ्यात घातलेले बूट धुऊन आणा, खरं तर आणूच नका. इथे टाच असलेले बूट घ्या, पाय रिकिबीत पुढे घसरून अडकला तर घोडा फरफटत नेतो. टोपीची घाई करू नका. नवी कोरी टोपी घातलेला पाहुणा लांबून ओळखू येतो.

घोड्यावर लगेच बसवतील असं नाही. आधी गाडीत उजव्या बाजूला बसवतील, आणि त्या बाजूला बसणाऱ्याचं काम कुंपणाचं दार उघडणं-लावणं. नियम एकच: दार जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. मी पहिल्या जुलैत एक उघडं दार शिस्तीत लावून टाकलं. आपल्या संस्कारात उघडं दार म्हणजे निष्काळजीपणा. ते दार मुद्दाम उघडं होतं, त्या कुरणातल्या गायींना शेजारच्या कुरणातल्या टाकीवर पाणी प्यायला जाता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांना चाळीसेक गायी तारेला छाती लावून उभ्या दिसल्या. एकही मेली नाही. मला ते काही बोलले नाहीत, फक्त पुढचा आठवडाभर प्रत्येक दारापाशी गाडी थांबवून माझ्याकडे बघत बसायचे, मी ‘लावू की राहू दे?’ विचारेपर्यंत.